आबांची आखूड क्रँक

आमच्या घरात खंडेनवमीचा नारळ मी फोडायची. पोरीच्या जातीनं नारळ फोडू नये, असं गल्लीतल्या दोघीतिघींनी आईला सांगून बघितलं होतं. आई काही बोलायच्या आत आबाच म्हणाले होते, "तिच्या हाताला जोर हाय. फोडू दे की." आबा म्हणजे माझे वडील. ते फार बोलत नसत, पण एकदा बोलले की शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात त्यावर कुणी पुढं तोंड उघडत नसे. आणि नारळ मी दारातल्या दगडावर नाही, आबांच्या सायकलच्या डाव्या क्रँकवर फोडायची.

क्रँक म्हणजे पायडल आणि सायकलचा मधला आस यांना जोडणारा लोखंडी दांडा. कुणाच्याही सायकलला दोन क्रँका असतात, सारख्या लांबीच्या. आबांच्या सायकलची डावी क्रँक उजवीपेक्षा चार बोटं आखूड होती. का होती, ते सांगते.

आबा आधी उद्यमनगरात एका फौंड्रीत कामाला होते. मी पाचवीत असताना ओतकामाची पेटी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर पडली. हाड जुळलं, पण गुडघा पुरा वाकेना. थोडा वाकायचा आणि मग आत काहीतरी आडवं आल्यागत थांबायचा. सिटी बसची पायरी त्यांना चढता येत नव्हती. फौंड्री सुटली. राजारामपुरीतल्या एका शाळेत शिपायाची नोकरी मिळाली, सकाळी सातची घंटा त्यांनीच द्यायची. पण शाळेपर्यंत जायचं कसं? सायकलवर बसले की डावं पायडल वर येताना गुडघा अडायचा आणि आबा एका बाजूला कलंडायचे.

त्यांचा एक दोस्त होता, फौंड्रीशेजारच्या वर्कशॉपमधला टर्नर, मूळचा गारगोटीकडचा. तो आठवडाभर रोज संध्याकाळी आमच्या दारात यायचा. सायकल स्टँडवर लावायची, आबांना वर बसवायचं, त्यांचा डावा पाय हातात धरून हळूहळू फिरवायचा आणि गुडघा जिथं अडेल तिथं खडूनं खूण करायची. मग त्यानं क्रँक मधे कापून चार बोटं काढून टाकली आणि दोन्ही तुकडे पितळी जोड देऊन पुन्हा एक केले. आबांचा उजवा पाय मोठी चक्कर मारायचा, डावा बारकी. बोळातली माणसं चेष्टा करायची, "आबा, एक पाय पळालाय आणि एक फिरायला गेलाय व्हय?" आबा हसायचे आणि घंटी वाजवून निघून जायचे. सायकलवर ते लंगडे नव्हते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

क्रँक बसली तो दिवस नेमका खंडेनवमीच्या आदला. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या घरात हत्यार म्हणावं असं विळी सोडून काही उरलं नव्हतं, म्हणून सायकल धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. नारळ कुठं फोडायचा विचारलं तर आबा म्हणाले, "हितं. हिच्यावर. माझा देव हीच." मग मी क्रँकच्या जाड डोक्यावर, जिथं ती आसाला धरते तिथं, नारळ आपटला. एका दणक्यात दोन भकलं झाली आणि पाणी क्रँकवरून खाली ओघळलं. पूजेचं पाणी म्हणून कुणी पुसलं नाही.

त्यानंतर दर वर्षी तसंच. नऊ वर्षं. दोस्त मधल्या काळात गावी गेला आणि तिकडंच वारला. आबा एस.टी.त चढू शकत नव्हते, मातीलाही जाऊ शकले नाहीत. त्या वर्षी नारळ फोडताना त्यांनी क्रँकला हात लावून नमस्कार केला, आणि मी नेहमीपेक्षा जोरात आपटला.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. दसरा होऊन आठवडाभरानं सायकल कर्र कर्र वाजायला लागली. आबा दोन दिवस तशीच दामटत राहिले. तिसऱ्या दिवशी पायडल मधेच गच्च अडलं आणि ते सायकल हातात धरून, पाय ओढत, राजारामपुरीतून चालत घरी आले. आईनं त्यांचा चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

बोळाच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले मिस्त्री उमरीनं आबांएवढेच, बोलायला रोखठोक. त्यांनी सायकल उलटी केली, आस हलवून बघितला आणि म्हणाले, "आसातले बेरिंगचे छर्रे फुटल्यात. दहा मिनिटांचं काम. डावी क्रँक तेवढी काढाय लागंल."

क्रँक आसावर एका खुंटीनं बसते. करंगळीएवढी पोलादी खुंटी, एका अंगानं तिरकी घासलेली. ती क्रँकमधून आडवी घुसवायची आणि दुसऱ्या टोकाला नट आवळायचा. तिला कॉटर म्हणतात. नट थोडा सैल करायचा, क्रँकखाली टेकू द्यायचा आणि एक ठोका मारायचा, की कॉटर मागं सरकतो. मिस्त्रींनी मारला ठोका. कॉटर हलला नाही. दुसरा मारला, तिसरा मारला. सहज म्हणून त्यांनी उजव्या बाजूचा कॉटर ठोकून बघितला तर तो एका ठोक्यात सरकला. त्यांनी परत डावीकडं येऊन वाकून बघितलं.

"ही काय मिठात बुडवून ठेवलीती व्हय? एकीकडंच एवढा गंज?"

त्यांनी टोचणीनं नटाभोवतीचा कीट खरवडला. तांबडा गंज निघाला, त्यात कुंकू होतं, आणि नारळाच्या शेंडीचे दोन-चार धागे होते. त्यांनी ते धागे बोटांवर घेतले आणि आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "देवाचा नारळ हाय." मिस्त्रींनी धागे फडक्याला पुसले. मला तिथंच कळलं. नऊ वर्षांचं नारळाचं पाणी त्या फटीत उतरलं होतं आणि ते मी घातलं होतं.

"तापवली तर सुटंल," मिस्त्री म्हणाले, "पण हा जोड पितळी हाय. आग लागली की पितळ पाणी होऊन वाहणार. लई जोरानं ठोकली तरी जोडातच तुटणार. ड्रिल मारावं तर बीट घसरून क्रँकच खाणार." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "माझं ऐका. कापून काढतो. उद्यमनगरात ह्याच मापाची नवी करून घ्या. दोन दिवसांचं काम."

आबा मला म्हणाले, "कापतो म्हणतोय तर कापू दे की."

आणि मी उसळले. अजून माझा आवाज मला ऐकू येतो. "कापायची न्हाय! त्या काकांच्या हातची हाय ती. त्यांचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडं? तुमास्नी काय वाटत न्हाय काय, आबा?" दुकानातली माणसं बघायला लागली. आबांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे." एवढंच. मला वाटलं, मी जिंकले.

मिस्त्रींनी मग दुसरा उपाय सांगितला. रोज रॉकेलचे थेंब सोडायचे, झिरपू द्यायचं आणि हलक्या हातानं ठोकत राहायचं. "निघंल तवा निघंल. घाई केलीसा तर तुटंल." घाई कशाला करायची? शाळेला दिवाळीची सुट्टी लागायला चारच दिवस होते. तेवढे चार दिवस आबांनी रजा टाकली. शाळा उघडेपर्यंत हातात महिना होता.

मी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन घेतली. सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार थेंब. मग खाली लाकडाचा ठोकळा द्यायचा आणि बारक्या हातोडीनं टक टक टक. आबा उंबऱ्याजवळ खुर्चीत बसून बघायचे. त्यांना बसून बसून अवघडायला व्हायचं, म्हणून मी समोर स्टूल ठेवलं, त्यावर उशी ठेवली आणि त्यांचा डावा पाय सरळ करून वर ठेवला. "उठू नका. निवांत बसा की जरा. नऊ वर्षं दमलाय." चहा हातात, पेपर हातात. आईही म्हणायची, बरं झालं, माणसाला विसावा मिळाला.

तालमीतली पोरं जाता-येता थांबायची. एकजण म्हणाला, "आबा, घण आणू काय? एका दणक्यात इषय कट!" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो आठवडाभर आमच्या दारावरून गेला नाही. गल्लीतला प्रत्येक माणूस काहीतरी सांगून जायचा. कुणी म्हणायचा व्हिनेगर घाल, कुणी म्हणायचा बर्फ लाव. मी सगळं केलं. कॉटर हलायचं नाव घेईना. रोज संध्याकाळी हातोडी ठेवताना मला रडू यायचं आणि मी ते रागानं काढायचे, कधी आईवर, कधी मांजरावर. आबांवर मात्र नाही. आबा म्हणायचे, "हुईल गं. लोखंड हाय, कदी तरी ऐकंल."

मधे एकदा ते म्हणाले, "पाय जरा जड वाटाय लागलाय." मी स्टुलावर अजून एक उशी ठेवली.

दिवाळी झाली. फराळ संपला. मिस्त्री आठवड्यातून एकदा येऊन बघायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं, "कापू काय?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अजून चार दिवस." मिस्त्री पुटपुटत गेले. बाप नुसता बघतोय आणि पोरगी ठरवतेय, हे त्यांना पसंत नव्हतं, आणि आज मलाही नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, टक टक करताना आवाज बदलला. आधी घट्ट वाजायचं, आता पोकळ वाजलं. मी थांबले. पुन्हा मारलं. कॉटरचं टोक केसभर मागं सरकलं होतं. मी ओरडत जाऊन मिस्त्रींना हाताला धरून आणलं. त्यांनी नट पुरा काढला, सुंबा, म्हणजे ठोकायची बोथट लोखंडी कांडी, लावला आणि एक नेमका ठोका दिला. गंजाची भुकटी सांडली, कॉटर खाली पडला आणि क्रँक माझ्या हातात आली. आख्खी. जोडाला साधा चरा नाही.

"आबा, निघाली!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या बोळातली माणसं बाहेर आली. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मिस्त्रींनी तासाभरात छर्रे बदलले, नवा कॉटर घातला आणि पहिल्यांदाच माझं कौतुक केलं, "नाद खुळा हाय तुझा, पोरी." आबांनी क्रँकवर हात फिरवला. मला आयुष्यात तेवढा आनंद फार कमी वेळा झालाय.

सकाळी सव्वासहाला आबा शाळेचा खाकी ड्रेस घालून बाहेर आले. मी सायकल पुसून ठेवली होती. त्यांनी टांग टाकली, उजवा पाय दाबला. सायकल पुढं सरकली. डावं पायडल वर यायला लागलं, आणि जिथून ते नऊ वर्षं बिनबोभाट पुढं जायचं, तिथं त्यांचा गुडघा थांबला. त्यांचं कंबरडं सीटवरून उचललं गेलं आणि ते भिंतीला टेकले.

"सवय मोडलीया," ते म्हणाले. पुन्हा बसले. पुन्हा तिथंच. मी पान्यानं सीट वर केलं. आणखी वर केलं. आता डावा गुडघा निघेल असं वाटलं, तर उजवा पाय खाली पुरेना. आबांच्या कपाळावर घाम आला होता. दोस्त नऊ वर्षांपूर्वी पाय धरायचा तसा त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला आणि खाली दाबला. तोंडातून आवाज काढला नाही, पण डोळे मिटले. मी बघत उभी होते. माझ्या हातात पाना होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि हसायचा प्रयत्न केला. "आता ह्यात बी रॉकेल सोड चार थेंब."

त्या दिवशी ते रिक्षानं गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा घंटा उशिरा झाली.

संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गुडघा वाकवून बघितला आणि विचारलं, "महिनाभर काय केलंत?" मी म्हटलं, "विश्रांती." ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "अहो, रोजची सायकल होती म्हणून तर हा गुडघा एवढा तरी वाकत होता. पाय सरळ ठेवून बसवलंत, तो बसला." तेल झालं, शेक झाला, व्यायाम झाला. आबा दात आवळून सगळं करत होते. गुडघा दोन बोटं सुटला आणि तिथंच राहिला. मिस्त्री म्हणाले, क्रँक आणखी आखूड करू. जुनीला हात न लावता तशी दुसरी करून बघितली. पण तेवढ्या आखूड दांड्यावर पायाला जोरच लागेना. दसरा चौकाच्या अलीकडं चढावर सायकल मागं आली आणि आबा रस्त्यात पडले. त्यानंतर त्यांनी जुनी क्रँक परत बसवून घेतली, सायकल भिंतीला लावली आणि पुन्हा तिच्यावर बसले नाहीत.

दोन दिवसांचं काम होतं. तेव्हा कापू दिली असती तर आबा दिवाळीच्या आधी सायकलवर असते. लोखंडाचा तुकडा वाचवायला मी महिना घालवला आणि त्या महिन्यात माझ्या बापाचा पाय गेला. हे मी नंतर कितीतरी वेळा आबांना सांगायला गेले. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "डोस्क्याला ताप करून घेऊ नको. चहा टाक."

शिकवण्या धरून मी जुनी मोपेड घेतली आणि आबा निवृत्त होईपर्यंत त्यांना शाळेत सोडायला-आणायला जात राहिले. ते मागं एका अंगानं बसायचे, डावा पाय पुढं ताठ. मला उशीर झाला तर शाळेच्या पायरीवर बसून असायचे, कधी कुरकुर केली नाही. वाटेत मी विचारायची, "कुठं थांबायचं काय, आबा?" ते म्हणायचे, "नको. तुला काम असंल." एकदा मैदानाजवळच्या चहावाल्यानं मला हाक मारली. "आबा दिसत न्हाईत की अलीकडं. रोज येताना फुटबॉलचा सराव बघाय थांबायचे. कट्ट्यावरची त्यांची जागा अजून कोण घेत न्हाय." आबा फुटबॉल बघायला थांबतात हे आम्हाला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी न विचारता मोपेड मैदानाकडं वळवली. आबा दहा मिनिटं बसले, मग म्हणाले, "चल, तुझी शिकवणी हाय." त्यांचं लक्ष माझ्या घड्याळाकडंच होतं.

सायकल भिंतीला लागल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी नारळ आणलाच नाही. आबांनी आतून विचारलं, "नारळ कुठाय?"

"कशावर फोडू?" मी फटकन बोलले.

त्यांनी स्वतः जाऊन बोळाच्या तोंडावरून नारळ आणला, पाय ओढत. सायकल बाहेर काढली, धुतली, माळ घातली. मग हँडल घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "फोड की. हितंच." माझा हात उचलेना. ते वाट बघत राहिले. शेवटी मी आपटला, एका दणक्यात नाही, तिसऱ्याला फुटला. पाणी क्रँकवरून ओघळलं.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, ताठ पाय पुढं पसरून जमिनीवर बसले आणि क्रँक पुसायला लागले. नटाभोवती टॉवेलाचं टोक घालून घालून पुसलं. मग तेलाची बाटली मागितली आणि कॉटरवर दोन थेंब सोडले. मी काही विचारलं नव्हतं. वर न बघता तेच म्हणाले, "कोरडी ऱ्हायली की गंजत न्हाय. उद्या तुला काढाय लागली तर तुझे हाल नकोत."

त्यानंतर दर वर्षी मी नारळ फोडायची आणि ते पुसायचे. कुणी कधी चालवणार नव्हतं त्या सायकलची क्रँक.

दोन हजारनंतरच्या कुठल्याशा वर्षी, पावसाळ्यात, आबा गेले. दसऱ्याच्या आधी आई म्हणाली, सायकल कुणाला तरी देऊन टाक, बघवत नाही. मी म्हटलं, क्रँक मी ठेवून घेते. मिस्त्रींनी दाखवलं होतं तसा नट सैल केला, खाली लाकडाचा ठोकळा दिला आणि बारकी हातोडी घेतली. महिनाभर माझं ऐकलं नव्हतं त्या कॉटरनं. मनाशी म्हटलं, आता रोज थोडं थोडं करायचं.

पहिल्याच ठोक्याला तो सरकला. क्रँक अलगद माझ्या हातात आली, आत स्वच्छ, तेलाचा वास येत होता.

"आबा, निघाली!" मी ओरडले.

आई आतून बाहेर आली. तिनं माझ्या हातात बघितलं आणि पुन्हा आत गेली.